आय७-३७७०के: ताप झाकणाखाली, औषध कूलरला

एप्रिल २०१२मध्ये इंटेलने ‘आयव्ही ब्रिज’ पिढीचे प्रोसेसर बाजारात आणले. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करणाऱ्यांचा डोळा होता कोअर आय७-३७७०केवर. चार कोअर, आठ थ्रेड, मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बोला (गरजेला आपोआप चढणारा वेग) ३.९, आणि टीडीपी, म्हणजे कूलरला हाताळावी लागणारी उष्णता, अवघा ७७ वॉट. आधीच्या ‘सँडी ब्रिज’ पिढीतला आय७-२६००के ९५ वॉटचा होता. दोघांचे सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एकच, एलजीए ११५५, त्यामुळे कूलरही तेच. कागदावर १८ वॉट वाचले होते, म्हणजे नवा प्रोसेसर थंड राहायला हवा आणि जास्त ताणला जायला हवा, असा साधा हिशेब बहुतेकांनी मांडला.

घडले उलटे. मूळ वेगावर फरक फारसा जाणवत नव्हता. पण ४.५ गिगाहर्ट्झच्या पुढे, त्याच कूलरखाली, ३७७०के हा २६००केपेक्षा १०-२० अंश जास्त तापू लागला. वीज कमी घेणारा प्रोसेसर जास्त तापतो, हे कोडे या प्रकरणाच्या मुळाशी आहे. ते सुटायला काही आठवडे लागले. तोवर अनेकांनी चांगला एअर कूलर काढून महागडा वॉटर कूलर बसवला आणि हाती आले दोन-चार अंश. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तो हा प्रकार.

उष्णता जाते कुठून

प्रोसेसरची उष्णता सिलिकॉनच्या डायमध्ये, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष चिपमध्ये, तयार होते. तिथून ती डायवरच्या थरातून तांब्याच्या झाकणात जाते, झाकणावरच्या थर्मल पेस्टमधून कूलरच्या बुडात, मग हीटपाइप आणि पत्र्यांमधून हवेत. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला थोडे तापमान ‘खर्च’ होते. कोअरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक या सगळ्या खर्चांची बेरीज. कूलर बदलला की फक्त शेवटचे दोन टप्पे सुधारतात.

आयव्ही ब्रिजमध्ये दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. पहिली उघड होती: ३२ नॅनोमीटरवरून २२ नॅनोमीटरवर येताना डाय २१६ चौरस मिलिमीटरवरून १६० वर आली. ९५ वॉट भागिले २१६ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.४४ वॉट; ७७ भागिले १६० म्हणजे ०.४८. एकूण उष्णता कमी, पण ती बाहेर पडायची जागा त्याहून जास्त आकसलेली. शिवाय आयव्ही ब्रिजच्या डायचा मोठा भाग ग्राफिक्सने व्यापलेला. चारही कोअरवर ताण देणारी चाचणी चालू असते तेव्हा ग्राफिक्सचा भाग जवळपास झोपलेला असतो आणि सगळी उष्णता उरलेल्या निम्म्या-शिम्म्या जागेतून वर येते.

दुसरा बदल झाकणाखाली लपलेला होता. २६००केमध्ये डाय आणि झाकण यांच्यामध्ये इंडियमचे सोल्डर होते. तांब्या-पितळेच्या भांड्याला डाख लावून जोड द्यावा तसा धातूचा अखंड जोड. ३७७०केमध्ये त्याजागी राखाडी थर्मल पेस्ट आली. हे झाकण उघडल्यावर कळले. पुढे इंटेलनेही मान्य केले की २२ नॅनोमीटरमुळे उष्णतेची घनता वाढली आहे आणि पॅकेजमधले उष्णतावाहक साहित्यही वेगळे आहे.

इंडियमची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे ८० वॉटच्या घरात. चांगल्या पेस्टची ५ ते १०. तरीही बिचाऱ्या पेस्टला एकटीलाच फाशी देणे योग्य नाही, कारण थराची जाडीही तितकीच महत्त्वाची. ढोबळ गणित करून पाहू. ओव्हरक्लॉकमध्ये वीज वाढते ती वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.९ गिगाहर्ट्झ आणि १.१ व्होल्टवरून ४.६ आणि १.२५ वर गेलो तर वेगाचा गुणक १.१८, व्होल्टेजचा वर्ग १.२९, मिळून १.५२. ७७ वॉट झाले ११७. समजा पेस्टचा थर ०.०६ मिलिमीटर, वाहकता ५, आणि उष्णता ८० चौरस मिलिमीटरमधून येते आहे. उष्णतेच्या वाटेतला विरोध झाला वॉटमागे ०.१५ अंश, म्हणजे केवळ या एका थरात साडेसतरा अंश खर्च! तोच थर इंडियमचा धरला तर एका अंशाच्या आसपास. मोठमोठ्या कूलरमधला फरक चार-पाच अंशांचा असतो, त्या मानाने हा आकडा किती मोठा आहे ते बघा.

मे २०१२मध्ये जपानच्या ‘पीसी वॉच’ने ३७७०केचे झाकण काढून आतली पेस्ट बदलून पाहिली. मूळ वेगावर ८ ते ११ अंश उतरले. ४.६ गिगाहर्ट्झला चांगल्या साध्या पेस्टने सुमारे १५ आणि द्रवधातूने (पेस्टऐवजी लावायचा, खोलीच्या तापमानाला द्रव असणारा धातू) सुमारे २० अंश. वरच्या ढोबळ गणिताशी हे चांगले जुळते. पण साध्या पेस्टने १५ अंश कसे उतरले, हा प्रश्न उरतोच. इंटेलची पेस्ट इतकी टाकाऊ नव्हती. उत्तर झाकणाच्या कडेला आहे. झाकण ज्या काळ्या, रबरासारख्या डिंकाने सबस्ट्रेटला (डाय ज्यावर बसवलेली असते ती हिरवी पाटी) चिकटवलेले असते, त्या डिंकाची जाडी झाकणाला किंचित वर उचलून धरते. झाकण डायवर टेकत नाही, मधली फट पेस्टने भरलेली राहते. डिंक खरवडून झाकण पुन्हा ठेवले की ते डायवर नीट बसते आणि थर पातळ होतो. फायद्याचा मोठा वाटा या पातळ होण्याचा आहे.

एक ताळा मिळतो तो २०१३च्या ‘आयव्ही ब्रिज-ई’चा. आय७-४९६०एक्स, एलजीए २०११ सॉकेट, तेच २२ नॅनोमीटर, पण डाय मोठी आणि झाकणाखाली सोल्डर. त्याच्याबद्दल ही तक्रार नव्हती. म्हणजे दोष सगळा २२ नॅनोमीटरच्या माथी मारता येत नाही.

आधी निदान

झाकण उघडण्याआधी अडथळा नक्की तिथेच आहे ना, हे बघायला हवे. जुने ३७७०के आणि झेड७७ मदरबोर्ड अजूनही सेकंडहँड बाजारात फिरतात. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या अशा मशीनमध्ये निम्म्या वेळा दोष कूलरवरच्या वाळून खडा झालेल्या पेस्टचा किंवा पत्र्यांत अडकलेल्या धुळीच्या नमद्याचा असतो. ती साफ करून, नवी पेस्ट लावून मगच पुढची तपासणी करावी.

तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर (कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो) उघडून प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) ची ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी सुरू करा आणि पहिल्या दोन सेकंदांकडे नीट बघा. डाय आणि पेस्टच्या थरात उष्णता साठवायला वस्तुमान जवळजवळ नसते. त्यामुळे अडथळा तिथे असेल तर चाचणी सुरू होताच आकडा २५-३० अंशांनी उसळी घेतो आणि थांबवताच तितक्याच झटक्यात खाली येतो. अडथळा कूलरमध्ये किंवा कॅबिनेटच्या हवेत असेल तर तापमान मिनिटागणिक, हळूहळू चढते. दुसरी खूण पंख्याची. पंखा ९०० फेऱ्यांवरून १५०० वर नेला आणि कोअर फक्त दोन-तीन अंशांनी उतरले, तर हवा कमी पडत नाही. तिसरी खूण हाताची: कोअर ९० दाखवते आहे आणि कूलरचे पत्रे जेमतेम कोमट आहेत, तर उष्णता पत्र्यांपर्यंत पोचलेलीच नाही. तिन्ही खुणा जुळल्या तर गाठ झाकणाखाली आहे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. इंटेलच्या माहितीपत्रकात ३७७०केसमोर ६७.४ अंश असा आकडा दिसतो आणि लोक कोअर ७० वर गेले की घाबरतात. तो आकडा झाकणाच्या वरच्या पृष्ठभागाच्या मध्याचा आहे, कोअरचा नव्हे. कोअरची मर्यादा १०५ अंश. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. रोजच्या वापरात जड चाचणीखाली ८५च्या आत ठेवावे, हा आमचा सल्ला. त्यामागचे कारण जळण्याची भीती नाही. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरमधली गळती वाढते, गळतीने वीज वाढते, विजेने पुन्हा तापमान, आणि त्या तापमानाला तोच वेग टिकवायला थोडे जास्त व्होल्टेज लागते. ९० पार केल्यावर हे चक्र अंगावर येते.

खोलीचाही हिशेब धरा. परीक्षणांतले आकडे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. अकोला-नागपूरला मे महिन्यात एसी नसलेली खोली ३८-४० अंशांवर असते. वरचे १५ अंश जसेच्या तसे कोअरवर चढतात, गळतीमुळे एखादा जास्तच. जानेवारीत ४.६वर स्थिर असलेले मशीन मेमध्ये निळा पडदा (विंडोज कोसळल्याची खूण) दाखवते ते याचमुळे. विदर्भात वाळ्याच्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवण्याचा मोह होतो. हवा गार मिळते हे खरे, पण दमट, आणि तुषारही उडतात. कूलर खोलीत चालू द्या, झोत मात्र कॅबिनेटवर नको.

वेग आधी, झाकण नंतर

आधी झाकण न उघडता मशीन कुठवर जाते ते नोंदवून ठेवावे. नाहीतर नंतर काय कमावले ते कळणार नाही. या सॉकेटवर बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झला जवळजवळ बांधलेला आहे, तो चार-पाच टक्क्यांपलीकडे हलवला की साटा (डिस्कची जोडणी) आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डची जोडणी) बिघडतात. कोअरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर, म्हणून सगळा खेळ मल्टिप्लायरचा.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) आधी मूळ सेटिंग भरा, मेमरी १६०० वर ठेवा. कोअर व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका; मल्टिप्लायर चढवला की बोर्ड गरजेपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देऊन मोकळा होतो, आणि अर्ध्या तक्रारी तिथेच जन्मतात. १.१५ व्होल्ट आणि मल्टिप्लायर ४२ पासून सुरुवात. पंधरा मिनिटे चाचणी, मग ४३, ४४. निळ्या पडद्यावर ०एक्स१०१ हा कोड आला तर कोअरला व्होल्टेज कमी पडते आहे, ०.०१ ते ०.०२ ने वाढवा. ०एक्स१२४ आला तर आधी कोअर व्होल्टेज, आणि त्याने भागले नाही तर मेमरी कंट्रोलरचे व्होल्टेज तपासा. लोड-लाइन कॅलिब्रेशन (ताणाखाली घसरणारे व्होल्टेज सावरणारी सेटिंग) मधल्या पायरीवर पुरते. सगळ्यात वरच्या पायरीवर ताण सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्याहून वर उडते आणि ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. प्राइम९५च्या २७ पासूनच्या आवृत्त्या एव्हीएक्स (एका वेळी जास्त आकडेमोड करणाऱ्या सूचना) वापरतात, त्या जुन्या २६.६ पेक्षा जास्त तापवतात. तुलना करताना आवृत्ती एकच ठेवा.

बहुतेक ३७७०के १.२० ते १.२५ व्होल्टच्या दरम्यान ४.५ला पोचतात. एअर कूलरवर तिथेच तापमानाची भिंत लागते. १.३ व्होल्टपुढे रोजच्या वापरासाठी जाऊ नये. द्रवधातूने तापमान उतरले म्हणून व्होल्टेज निर्धोक होत नाही.

झाकण उघडताना

यासाठी काय लागते: दाढीचे पातळ ब्लेड, जुने प्लास्टिकचे कार्ड, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सुटणारे कापड, १ ग्रॅम द्रवधातूची सिरिंज, नेलपॉलिश किंवा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी). वॉरंटी यानंतर संपली.

झाकणाच्या चारही कडांना काळा डिंक आहे. एका जागी ती रेघ मुद्दाम तुटलेली असते, आतली हवा बाहेर पडावी म्हणून. ब्लेडला टोकापासून ३ मिलिमीटरवर टेपची खूण करा आणि त्यापेक्षा आत कधीच सरकवू नका. डिंक त्याहून फार रुंद नाही आणि पुढे डाय आहे. सुरुवात कोपऱ्यातून. ब्लेड आडवे, झाकणाच्या बाजूला किंचित उचलून धरलेले, सुरी चालवावी तसे पुढे-मागे. जोर खाली गेला की हिरव्या सबस्ट्रेटमधली तार तुटते. ती चूक कशी दिसते? मशीन चालू होते, फक्त ८ जीबी मेमरीऐवजी ४ दिसते. एक चॅनेल गेलेले असते. त्याला उपाय नाही. चारही कोपरे सुटले की झाकण ‘कट्’ करून निघते. आत डायवर आणि झाकणाच्या पोटात राखाडी पेस्टचा आयत, अनेकदा कडेने भेगाळलेला.

दुसरी रीत व्हाइसची: झाकणाची कड जबड्यात पकडायची, सबस्ट्रेट मोकळा ठेवायचा, त्याच्या कडेला लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने एक नेमका ठोका. डिंक कातरला जातो, ब्लेड आत शिरतच नाही. पुढे यासाठी तयार साचे मिळू लागले आणि आज करायचे तर साचाच वापरावा. मात्र पुढच्या ‘हॅसवेल’ पिढीत डायच्या शेजारी झाकणाखालीच बारीक सुट्या घटकांची रांग आहे, तिथे ब्लेडचा विचारही नको. ३७७०केमध्ये डायभोवती मोकळे आहे, हे नशीब.

काळा डिंक दोन्ही बाजूंनी कार्डाने पूर्ण खरवडायचा. इथे कंटाळा केला की सगळी मेहनत वाया. फट तशीच राहते आणि झाकण तिरके बसते. मग अल्कोहोलने डाय आरशासारखी होईपर्यंत पुसा.

द्रवधातू म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू, खोलीच्या तापमानाला द्रव. १६० चौरस मिलिमीटरच्या डायला दीड-दोन मिलिमीटरचा थेंब खूप झाला. कापसाच्या काडीने घासत पसरवायचा. सुरुवातीला तो पाऱ्यासारखा गोळा होऊन पळतो, मग एकदम ‘पकडतो’ आणि पातळ आरसा तयार होतो. झाकणाच्या पोटात तेवढ्याच जागेला हलका हात द्या. जास्तीचा थेंब सिरिंजने परत ओढून घ्या, कारण हा पदार्थ वीजवाहक आहे. सॉकेटच्या पिनांवर ओघळला तर मदरबोर्ड गेला. डायभोवतीच्या सबस्ट्रेटवर आधीच नेलपॉलिशचा हात देतात तो याचसाठी. आणि ॲल्युमिनियमशी गॅलियमचा संपर्क कधीही नको, तो ॲल्युमिनियम पोखरून ठिसूळ करतो. झाकण निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचे आहे, तिथे चालते. उघड्या तांब्यावर मात्र गॅलियम हळूहळू मुरतो आणि काही महिन्यांनी थर कोरडा पडतो.

द्रवधातूऐवजी साधी पेस्ट लावली तर? चालते, पण पातळ पेस्ट नको. रोज तापून-निवून डाय आणि झाकण सूक्ष्म हलतात आणि पेस्ट कडेला ढकलली जाते; पहिल्या दिवशीचा फायदा हळूहळू घटत जातो.

झाकण पुन्हा डिंकाने चिकटवायची सक्ती नाही, सॉकेटची चौकट ते दाबून धरते. फक्त दांडी लावताना चौकट झाकणाला एक-दोन मिलिमीटर सरकवते, तेव्हा बोटाने धरून ठेवावे. वारंवार कूलर काढणार असाल तर चार कोपऱ्यांत उष्णता सोसणाऱ्या डिंकाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके पुरेत. संपूर्ण कडेला रेघ ओढली तर कारखान्याने केली तीच चूक आपण पुन्हा केली.

पहिल्यांदा चालू करताना मूळ वेगावर. मेमरीचे दोन्ही चॅनेल दिसतात का, चारही कोअरमध्ये १० अंशांहून जास्त तफावत नाही ना, हे बघा. तफावत असेल तर झाकण तिरके आहे किंवा थराला कोरडी जागा राहिली आहे. मग आधी नोंदवलेली सेटिंग जशीच्या तशी लावून फरक मोजा.

इंटेलने पुढे काय केले

पेस्ट वापरून इंटेलने चार पैसे वाचवले, हे अर्धे सत्य. सिलिकॉनवर सोल्डर थेट चिकटत नाही. आधी त्यावर धातूंचे थर चढवावे लागतात, वर सोन्याचा मुलामा. शिवाय छोट्या डायवर तापण्या-निवण्याच्या चक्रांनी सोल्डरमध्ये पोकळ्या आणि भेगा पडण्याचा धोका जास्त. तरीही ज्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ (मल्टिप्लायर मोकळा असल्याची खूण) लावून जास्त पैसे घेतले, त्यात हा तर्क ग्राहकाच्या गळी उतरणे अवघड होते.

जून २०१४मध्ये आय७-४७९०के सुधारित पेस्ट घेऊन आला. २०१५च्या आय७-६७००केमध्ये सबस्ट्रेट इतका पातळ झाला की झाकण काढताना तो वाकण्याची भीती आली. सोल्डर मुख्य प्रवाहात परतले ते ऑक्टोबर २०१८मध्ये, आय९-९९००केसोबत. आणि तोही तापला. या वेळी झाकण उघडणाऱ्यांना दिसले की डायच आधीच्या आय७-८७००केपेक्षा जवळपास दुप्पट जाड आहे. सोल्डर चांगले, पण त्याच्यापर्यंत पोचायला उष्णतेला सिलिकॉनचा जास्त थर ओलांडावा लागत होता. काहींनी डाय घासून पातळ केली आणि काही अंश मिळवले. २०२०च्या दहाव्या पिढीत इंटेलने डाय कारखान्यातच पातळ केली आणि झाकणाची एकूण उंची तीच ठेवून आतले तांबे तेवढे जाड केले, म्हणजे जुने कूलर तसेच बसले.